सॉफ्टवेअर बंद झालं, लायसन्स अडकलं: जुनं काम हातचं जाऊ नये म्हणून काय करायचं

गेल्या एप्रिलमध्ये, लग्नसराई ऐन भरात असताना, चोपड्याहून एका प्रेसवाल्या भाऊंचा सकाळी सातला फोन आला. "ताई, मशीन फॉरमॅट करी टाकं. आते ते कोड मांगस. सर्व्हर सापडत नही म्हनस."

त्यांच्याकडे सगळं होतं. मूळ सीडी, खोका, खोक्यावरचा सिरीयल नंबर, जळगावच्या डीलरचं बिलसुद्धा. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल झालं, नंबरही मान्य झाला. पुढच्या खिडकीत "ऑनलाइन ॲक्टिव्हेट करा" असं आलं आणि चक्र फिरत राहिलं. कंपनीने ते सॉफ्टवेअर कधीच बंद केलं होतं आणि ॲक्टिव्हेशन देणारा सर्व्हरही उतरवला होता. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरात होती आणि वापरता येत नव्हती. पत्रिकांच्या चाळीस ऑर्डरी त्या आठवड्यात द्यायच्या होत्या.

अमळनेरला माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावून देण्याचं, दुकान आहे, बावीस वर्षं झाली. पत्रिका, स्मरणिका, शाळांचे अहवाल, कवितासंग्रह, आणि आता फ्लेक्स. रावेरपासून शहाद्यापर्यंत अशाच अडचणीचे फोन हल्ली वाढले आहेत, म्हणून कामाचा क्रम एकदा नीट लिहून काढते. क्रमाला इथे फार महत्त्व आहे. मशीन चालू असताना जी कामं दहा मिनिटांत होतात, ती मशीन बसल्यावर कोणालाच करता येत नाहीत.

आधी ओळखा: तुमचं लायसन्स कशाला बांधलेलं आहे

आपण "सॉफ्टवेअर विकत घेतलं" म्हणतो, पण बिलावर बहुतेक वेळा वापरण्याची परवानगी विकलेली असते. ती परवानगी कशाला बांधलीय त्यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडच्या दुकानांत चार प्रकार सापडतात.

नुसत्या सिरीयल नंबरवर चालणारं सॉफ्टवेअर सगळ्यांत टिकाऊ. कोणाला विचारायचं नसतं. इथे आड येते ती विंडोज. नव्वदच्या दशकातले कितीतरी इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत आणि ६४ बिटची विंडोज ते चालवत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. सीडी, नंबर, बिल सगळं खरं असूनही सेटअपच उघडत नाही, तो हा प्रकार.

दुसरा प्रकार ऑनलाइन ॲक्टिव्हेशनचा, चोपड्याच्या भाऊंचा. सर्व्हर बंद झाला की पुन्हा इन्स्टॉल करणं अडलं. कंपन्या यात वेगवेगळ्या वागल्या आहेत. ॲडोबीने २०१२ च्या अखेरीस क्रिएटिव्ह सूट २ या आपल्या डिझाइन सॉफ्टवेअरांच्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न मागणारी आवृत्ती आणि तिचे नंबर उपलब्ध करून दिले. जगभर बातमी पसरली की सॉफ्टवेअर फुकट झालं. तसं नव्हतं. ज्याच्याकडे मूळ लायसन्स होतं त्याच्यासाठीच ती सोय होती. ऑटोडेस्कने मार्च २०२१ पासून २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ॲक्टिव्हेशन कोड देणं थांबवलं. त्यांच्या ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कायमची म्हणून घेतलेल्यांनाही नव्या मशीनवर ती चालू करता येईना.

तिसरा प्रकार डोंगलचा, म्हणजे मशीनच्या पोर्टला लावायच्या छोट्या तुकड्याचा, ज्याला आपण सरळ "लॉक" म्हणतो. मराठी फॉन्टच्या जुन्या पॅकेजांना, व्हिडिओ एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरांना, कटिंग प्लॉटरच्या प्रोग्रामना हे लॉक असायचं. लॉक हेच लायसन्स. ते हरवलं की बिल दाखवून काही होत नाही, कंपनीने दुसरं दिलं तरच.

चौथा प्रकार वर्गणीचा. दरमहा किंवा दरवर्षी पैसे, खात्याने लॉगिन. ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट ६ नंतर नवं काही फक्त वर्गणीवरच मिळेल. वर्गणी भरली म्हणजे जुनी आवृत्तीही कायम आपली, असा समज ठेवू नका. मे २०१९ मध्ये त्याच कंपनीने वर्गणीदारांना कळवलं होतं की काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचं लायसन्स आता तुम्हाला नाही. म्युझ हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर त्यांनी २०१८ मध्ये थांबवल्याचं जाहीर केलं आणि मार्च २०२० ला त्याचा सपोर्ट संपवला.

पायरी १: चालू मशीनला हात लावू देऊ नका

मशीन मंद झालं की आपला टेक्निशियन पोरगा येतो, पाच मिनिटं माऊस हलवतो आणि म्हणतो, "ताई, फॉरमॅट मारावं लागेल." त्याचा दोष नाही, त्याला तेच शिकवलंय. पण ज्या मशीनवर बंद झालेल्या सॉफ्टवेअरचं चालू लायसन्स आहे, त्या मशीनवर कागद चिकटवा: "फॉरमॅट करू नये. विचारल्याशिवाय काही काढू नये." माझ्या दुकानात तो कागद मॉनिटरवर आहे, कारण सीपीयूवर लावलेला कोणी वाचत नाही.

आता एका छोट्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण याच एका गोष्टीने मी तीन दुकानं अडकलेली पाहिली. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा सेल असतो, सीआर २०३२. मशीन बंद असताना तारीख-वेळ हा सेल सांभाळतो. आठ-दहा वर्षांत तो मरतो. आपल्याकडे मे महिन्यातली ४५ अंशांची दुकानं आणि दिवसातून चारदा जाणारी लाइट, त्यामुळे जरा लवकरच. सेल मेला की मशीन चालू होताना तारीख मागे जाते, थेट २००२ किंवा २००९. बऱ्याच लायसन्स प्रणाली तारीख मागे गेली की कोणी मुद्दाम छेडछाड केली असं धरतात आणि लायसन्स अडवतात. ते पुन्हा सोडवायला ॲक्टिव्हेशन लागतं, आणि ते द्यायला आता कोणी नाही.

म्हणून सेल मरायच्या आधी बदला. बदलण्यापूर्वी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्याच्या, सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की बायोसची सेटिंगं मूळपदावर जातात. त्यात हार्ड डिस्कची पद्धत बदलली, आयडीईची एएचसीआय झाली, तर विंडोज एक्सपी निळा पडदा दाखवून थांबते आणि सगळे समजतात डिस्क गेली. सेल घातल्यावर मशीन चालू करून आधी बायोसमध्येच जा, फोटो बघून सेटिंगं लावा, आजची तारीख घाला, आणि मगच विंडोज सुरू होऊ द्या. चुकीच्या तारखेने विंडोज एकदाही उघडता कामा नये.

पायरी २: एक वही घाला

कॉम्प्युटरमध्ये यादी नको. कागदाची वही. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक पान: नाव, नेमकी आवृत्ती, सिरीयल नंबर, कधी घेतलं, कोणाकडून, बिल नंबर, वरच्या चारपैकी कोणता प्रकार, कोणत्या मशीनवर आहे. बिलाचा फोटो काढून पानाला प्रिंट चिकटवा. थर्मल कागदावरचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं.

या पानावरची सगळ्यांत अवघड ओळ म्हणजे "कोणत्या ईमेलवर नोंदणी आहे." खरेदीच्या वेळी ज्याने इन्स्टॉल करून दिलं, त्याने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो. किंवा तेव्हाचं रेडिफमेल, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. किंवा पुण्याला नोकरीला गेलेल्या पुतण्याचा. लायसन्सचा मालक कंपनीच्या लेखी तो ईमेल असतो, तुमचं दुकान नाही. आज दुपारी फोन लावून तो ईमेल शोधा, आणि कंपनीचं खातं अजून उघडत असेल तर ईमेल बदलून दुकानाचा करा. डीलरने दुकान बंद केलं असेल तर त्याला घरी जाऊन भेटा. हे लाजायचं काम नाही, दहा हजारांच्या वर किमतीची वस्तू आहे.

पायरी ३: सोडता येत असेल तोवर सोडा, आणि कंपनीला लिहा

मशीन बदलायचंच असेल आणि ॲक्टिव्हेशन सर्व्हर अजून जिवंत असेल, तर जुन्या मशीनवरून आधी "डीॲक्टिव्हेट" करा. हा पर्याय बहुधा हेल्प मेनूत किंवा खात्यात असतो. नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट झाल्याची खात्री होईपर्यंत जुनं मशीन विकू नका. सर्व्हर बंद झालेला असेल तर उलट: डीॲक्टिव्हेटला चुकूनही हात लावू नका, सुटलेलं पुन्हा बांधता येणार नाही.

मग कंपनीला लिहा. फोनवर नको, लेखी. परदेशी कंपनी असेल तर इंग्रजीत, पण मजकूर साधा ठेवा: आम्ही अमुक आवृत्ती अमुक तारखेला अमुक विक्रेत्याकडून घेतली, सिरीयल नंबर हा, बिल सोबत जोडलं आहे. ॲक्टिव्हेशन बंद झाल्याने आम्ही विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वापरू शकत नाही. आम्हाला ॲक्टिव्हेशन न मागणारी आवृत्ती किंवा नंबर द्या. ते शक्य नसेल तर ऑफलाइन ॲक्टिव्हेशन द्या. तेही नसेल तर नव्या आवृत्तीवर सवलत काय ते कळवा. आणि या तिन्हीपैकी काहीच देता येत नसेल तर तसं लेखी कळवा.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला सांगते. मदतकक्षातला माणूस "हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही" एवढं लिहून मोकळा होतो. लेखी नकार मागितला की तक्रार वरच्या माणसाकडे जाते. चोपड्याच्या भाऊंना दोनदा नकार आला, तिसऱ्या पत्रानंतर पर्यायी नंबर मिळाला. मधे सोळा दिवस गेले. तोवर त्यांच्या पत्रिका आम्ही इथे अमळनेरला केल्या.

पायरी ४: पूर्ण डिस्कची प्रत घ्या

फोल्डर कॉपी करून लायसन्स येत नाही. काही लायसन्स प्रणाली आपली खूण फाइलींच्या बाहेर, डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ठेवतात. म्हणून संपूर्ण डिस्कची, रिकाम्या जागेसकट, सेक्टरनिहाय प्रत घ्यावी लागते. क्लोनझिला हे फुकट मिळणारं साधन यासाठी चांगलं. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोजला हातही लावत नाही. प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि दोन घ्या. एक दुकानात, एक घरी. क्लोन करताना कुठली डिस्क स्रोत आणि कुठली रिकामी, हे दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरते आणि मग परत काहीच मिळत नाही.

या प्रतीची मर्यादाही सांगते. त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर परत टाकली तर बहुधा सगळं पूर्ववत होतं. डिस्क बदलली तर काही सॉफ्टवेअरं ओळखतात आणि पुन्हा कोड मागतात. तरी प्रत घ्याच, कारण विंडोज बिघडली किंवा व्हायरस शिरला तर तीच वाचवते.

जुनं मशीन आभासी करून नव्या मशीनच्या आत चालवणं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हाही रस्ता आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखं साधन त्यासाठी मिळतं. नुसत्या सिरीयल नंबरवाल्या सॉफ्टवेअरसाठी हा रस्ता उत्तम: आत ३२ बिटची जुनी विंडोज ठेवायची, तिचंही लायसन्स आपलं असायला हवं. यूएसबी लॉक आतल्या मशीनला जोडून देता येतं. ॲक्टिव्हेशनवाल्यांचं मात्र खरं नाही, त्यांना हे वेगळंच मशीन वाटतं.

जुन्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाका. एक्सपीला आणि विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच थांबलंय, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनमध्ये तपासायचा, फाइल दुकानाच्या स्वतंत्र पेनड्राइव्हवर घ्यायची, तीच जुन्यात न्यायची.

लॉक असेल तर

लॉकवर नंबर कोरलेला असतो तो वहीत लिहा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. लॉकला दोरा बांधून त्यावर सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावा. हसू येईल, पण चिठ्ठी नसलेलं लॉक आणि खराब झालेला पेनड्राइव्ह यांत पाच वर्षांनी कोणालाच फरक कळत नाही.

जुनी लॉकं प्रिंटरच्या रुंद, २५ पिनांच्या पोर्टला लागायची. नव्या मशीनला ते पोर्ट नाही. बाजारात यूएसबीला जोडायची केबल मिळते, ती घेऊन पैसे घालवू नका. ती प्रिंटरसाठी असते, लॉकला लागणारे सिग्नल ती सहसा नेत नाही. मदरबोर्डमध्ये बसणारं पॅरलल पोर्टचं कार्ड कधीकधी चालतं. आधी कंपनीला विचारा, जुनं लॉक परत घेऊन यूएसबी लॉक देता का. मराठी फॉन्टच्या काही कंपन्या आपल्या राज्यातल्या आहेत, माणूस प्रत्यक्ष भेटतो, तिथे बोलणं होऊ शकतं. लॉकचा ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीचा आहे तो इन्स्टॉलर आत्ताच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

पायरी ५: काम बाहेर काढा

इथपर्यंतच्या पायऱ्या वेळ मिळवून देतात. खरं काम हे आहे, आणि यालाच सगळे टाळतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरात भरलं. त्याआधी चार महिने गावातले एक नाना माझ्याकडे आले. त्यांचा अहिराणी कवितासंग्रह २००४ साली निघालेला. संमेलनात विकायला दुसरी आवृत्ती हवी होती. हातात सीडी, कागदी पाकिटात जपलेली. सीडी वाचली गेली, फाइलही होती, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा. नाना पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाई मनी कविता शे?" ज्या फॉन्टमध्ये ते टाइप झालं होतं त्याचं लॉक जुन्या सीपीयूला तसंच लागलेलं राहिलं आणि सीपीयूसोबत भंगारात गेलं होतं. छापील पुस्तकाची एकच प्रत उरली होती. ९६ पानं आम्ही परत टाइप केली. छापील पान स्कॅन करून अक्षरं ओळखणारी साधनं प्रमाण मराठीला बरी आहेत, पण अहिराणीचं "जास", "व्हई", "नही" ती सुधारून टाकतात. नाना रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे आणि वाचून दाखवायचे.

म्हणून आधी फॉन्टचं कोडं समजून घ्या. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये "क" हे अक्षर "क" म्हणून साठवलेलं नसतं. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर "क" चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट असेपर्यंत ते मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खरं रूप उघडं पडतं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे वहीत प्रत्येक जुन्या कामासमोर फॉन्टचं पूर्ण नाव लिहा, आकड्यासकट. नुसतं "श्रीलिपी" लिहून पुढे काहीच करता येत नाही.

मग प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या चार गोष्टी काढून ठेवा.

१. फॉन्ट आत बसवलेली छापण्याजोगी पीडीएफ. हे जुन्या मशीनवर, फॉन्ट चालू असतानाच करायचं. पीडीएफ उघडून गुणधर्मांत फॉन्टच्या यादीसमोर "एम्बेडेड" लिहिलंय का बघा. काही फॉन्ट एम्बेड होऊ देत नाहीत, तिथे अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे करून, दुसरी पीडीएफ काढा.

२. मूळ फाइल पुढच्या पिढीत नेलेली. पेजमेकरचा विकास ॲडोबीने २००४ मध्ये थांबवला, शेवटची मोठी आवृत्ती ७. या फाइली इनडिझाइन या ॲडोबीच्याच सॉफ्टवेअरच्या सीएस ६ (क्रिएटिव्ह सूट ६) पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, वर्गणीवाल्या नव्या आवृत्त्या उघडत नाहीत. ज्याच्याकडे सीएस ६ लायसन्ससह चालू आहे अशा दुकानात एक दिवस बसा, फाइली उघडा आणि आयडीएमएल या स्वरूपात सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढच्या आवृत्त्याही घेतील. कोणीच नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फाइली बऱ्यापैकी उघडतो. मांडणी विस्कटते, पण मजकूर आणि चित्रांच्या जागा कळतात. कोरलड्रॉच्या सीडीआर फाइली लिबरऑफिस ड्रॉ आणि इंकस्केप दोन्ही वाचतात, गुंतागुंतीचे इफेक्ट सोडून. कोरलच्या जुन्या फाइली नव्या कोरलमध्ये उघडून सेव्ह करायच्या असतील तर जुन्या आवृत्तीपासून मधल्या आवृत्तीत आणि तिथून नव्यात, असं टप्प्याने जा.

३. मजकूर वेगळा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोड करून.

४. मूळ फोटो आणि लोगो, ज्या फोल्डरमध्ये लिंक होते त्याच रचनेत.

तिसऱ्या गोष्टीत सगळ्यांत जास्त वेळ जातो. जुन्या फॉन्टमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात, फॉन्ट कंपन्यांच्या नव्या आवृत्त्यांतही असतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. माझा अनुभव असा की चुका ठरावीक जागी होतात. पहिली जागा रफार आणि अर्धा ऱ. "आचाऱ्यांना" चं "आचार्यांना" होतं. लग्नाच्या जेवणाच्या हिशेबात स्वयंपाक करणारे आचारी होते, कन्व्हर्ट केल्यावर ते गुरुजी झाले. "दऱ्या" चा "दर्या" होतो, सातपुड्याच्या वर्णनात अचानक समुद्र येतो. दुसरी जागा पहिली वेलांटी, ती कधीकधी एक अक्षर अलीकडे पलीकडे सरकते. तिसरी "ॲ" आणि "ऑ". चौथी अंक, कारण काही जुन्या फॉन्टांत मराठी अंक इंग्रजी अंकांच्या जागी आहेत, काहींत नाहीत, आणि पत्रिकेवरची तारीख चुकली तर माफी नसते. कन्व्हर्ट झाल्यावर या चार गोष्टी शोधा-बदलाच्या खिडकीतून एकेक करून तपासा, मग छापील प्रतीशी ताडून पूर्ण वाचा.

नवा फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे "ल" आणि "श" बघून घ्या. कित्येक फॉन्टांत मुळात हिंदी वळण असतं. तिरो देवनागरी मराठी आणि मुंबईच्या आयआयटीचा शोभिका हे दोन्ही मुक्त परवान्याचे, पुस्तकाच्या मजकुराला चांगले. जाहिरातीला "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बलू. मुक्त परवान्याच्या फॉन्टची फाइल कामासोबत ग्राहकाला देता येते, विकतच्या फॉन्टची देता येत नाही. हा एकच मुद्दा पुढची वीस वर्षं सोपी करतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई मजकुराची सोय चालू करा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात. फुकटातलं हवं असेल तर स्क्रायबसची १.६ आवृत्ती आता देवनागरी जोडाक्षरं नीट मांडते.

सगळं काम एकदम होणार नाही. आधी पुस्तकं आणि स्मरणिका, मग दरवर्षी परत येणारे ग्राहक, मग लोगो. जुन्या पत्रिका राहिल्या तरी चालतील.

कायदा आपल्या बाजूने किती आहे

वकिलाची जागा घेत नाही, पण दुकानदाराने एवढं माहीत ठेवावं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ (१) मधला "एए" खंड सांगतो की संगणक प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला, प्रत हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत घेता येते. तेव्हा सीडीची आणि डिस्कची प्रत घेताना घाबरू नका, फक्त ती एकाच वेळी दोन मशीनवर चालवू नका आणि कोणाला देऊ नका.

क्रॅक मात्र वेगळी गोष्ट. "माझ्याकडे बिल आहे, मग क्रॅक टाकला तर काय बिघडलं" असं मला फार जण विचारतात आणि त्यांची चीड मला समजते. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए संरक्षणाचं कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३बी खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. बिल हातात असताना आपली बाजू स्वतःहून कमकुवत का करायची? शिवाय क्रॅकसोबत काय येतं ते सांगते. धुळ्याच्या एका स्टुडिओत लग्नांच्या फोटोंचे सगळे फोल्डर एका रात्रीत कुलूपबंद झाले, आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर आली. आठ घरांची लग्नं त्यात होती.

विक्रेत्याने अलीकडे "लाइफटाइम" म्हणून विकलं आणि वर्षभरात ते चालेनासं झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही" असं समोरचा म्हणेल. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू धंद्यासाठीची खरेदी धरत नाहीत, आणि आपल्यातले बहुतेक अशा स्वयंरोजगारातच बसतात. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जिल्हा आयोगात. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कित्येकदा तिथेच मिटतं. पंधरा वर्षं वापरलेल्या सॉफ्टवेअरसाठी परदेशी कंपनीशी भांडण्यात मात्र मी तुमचा वेळ घालवणार नाही. तो वेळ पाचव्या पायरीला द्या.

जुनं दुकान विकताना किंवा घेताना

प्रेस बंद होते, मशीन सॉफ्टवेअरसकट विकलं जातं, आणि घेणारा समजतो लायसन्सही आलं. लायसन्सच्या अटींत हस्तांतर चालतं का ते वाचा. चालत असेल तर सीडी, लॉक, मूळ बिल आणि "आम्ही आमच्याकडे प्रत ठेवलेली नाही" असं सहीचं पत्र एकत्र घ्या, आणि कंपनीच्या नोंदीत नाव बदला. चालत नसेल तर मशीनच्या किमतीत सॉफ्टवेअरचा एक रुपयाही धरू नका.

यापुढे घेताना विचारायचे प्रश्न

ॲक्टिव्हेशन लागतं का, आणि इंटरनेटशिवाय होतं का? वर्गणी थांबली तर माझी फाइल उघडेल का, निदान बघायला आणि पीडीएफ काढायला? फाइल दुसऱ्या कोणत्या स्वरूपात बाहेर पडते? माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर नोंदणी होईल ना? आणि कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली तर? हा शेवटचा प्रश्न हवेतला नाही. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळायचं म्हणून लोकांनी आनंदाने घेतलं. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हा या दुसऱ्या डिझाइन कंपनीने ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं ॲफिनिटी फुकट म्हणून आणलं, कॅनव्हाच्या खात्याने लॉगिन करायचं. फुकट आहे ते चांगलंच, पण लॉगिन म्हणजे पुन्हा कोणाचा तरी सर्व्हर आला. विक्रेत्याची उत्तरं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

ग्राहकाला काम देताना मी आता पेनड्राइव्हवर पीडीएफ, आयडीएमएल, युनिकोड मजकूर आणि मुक्त फॉन्ट असा एक फोल्डर देते, पुस्तक असेल तर दोन पेनड्राइव्ह. नानांच्या दुसऱ्या आवृत्तीचा एक त्यांच्या कपाटात आहे, दुसरा त्यांनी नाशिकला मुलीकडे पाठवला. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "कविता. उघडस."